गाडी गेल्यावर

भुसावळला रेल्वेच्या मैदानावर सिमेंटचं कोर्ट.
मे महिन्यात संध्याकाळी सहालाही
बादलीभर पाणी ओतलं
की वाफ घोट्यांपर्यंत चढायची,
आणि चेंडू तव्यावरून उचलल्यासारखा.

वाघ सर कॅबिनमधली ड्यूटी संपवून यायचे,
बोटांना लिव्हरचं ग्रीस तसंच.
बास्केटबॉल ते कधी खेळले होते का, कोण जाणे.
उडी कशी घ्यावी, मनगट कसं मोडावं
हे मोठ्या मुलींनी शिकवलं.
सरांनी शिकवलं ते दुसरंच.

चेंडू रिंगला लागून बाहेर आला
की मी कपाळावर हात मारायची,
तेवढ्यात समोरची पोर तो घेऊन
आमच्या बास्केटखाली पोचलेली असायची.
सर शिट्टी नाही वाजवायचे. पारोळ्याकडच्या बोलीत म्हणायचे,
"गाडी गयी ना पोरी,
आते कसाले पयस तिना मांगे?"

आणि रुळांकडे बोट.
मालगाडीचा शेवटचा डबा सिग्नल ओलांडतो न ओलांडतो
तोच लाल.
कोण गेलं, किती उशिरा गेलं,
काही विचारत नाही.

मला वाटायचं, सिग्नलला काय जातंय लाल व्हायला.
त्याची आई बसलेली नसते प्रेक्षकांत.

धुळ्याला फायनल. एका गुणाने मागे,
घड्याळात चार सेकंद, मला दोन फ्री थ्रो.
पंधरा फुटांवरची रेघ.
कोणी आडवं येत नाही, कोणी हात वर करत नाही.
माझ्याविरुद्ध विचार करायला
एवढा निवांत वेळ
मला कधीच कुणी दिला नव्हता.

पहिला. हात केळीच्या लोंगरासारखे जड,
डोक्यात गेल्या वर्षी चाळीसगावशी हुकलेला,
त्याच्या मागे त्याआधीचा,
डब्याला डबा.
रिंगची पुढची कड. टण्.

तो आवाज अजून तोंडाने काढून दाखवेन.
कुठल्या बोल्टला लागला तेही सांगेन.

मग हसीना तडवी शेजारी आली,
बोलली काहीच नाही,
फक्त ओठांनी गार्डाची शिट्टी वाजवली, हळू.
मला हसू फुटलं.

दुसरा मला आठवत नाही.
खरंच. रेघ आठवते,
तीनदा टप्पा दिलेला आठवतो,
बोटांखाली चेंडूचा खरखरीत दाणा,
आणि मग एकदम मी मागे धावतेय,
समोर धुळ्याची सात नंबर,
माझे दोन्ही हात वर.

जादा वेळेत हरलो आम्ही. तीन गुणांनी.

हसीना आता खंडव्याला टीसी आहे.
फोनवर अजून रंगवून सांगते,
जाळीशिवाय कशालाही न शिवता तो कसा आत गेला.
मी हुंकार देते,
दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तशी.
हुकलेले सगळे माझ्याकडे आहेत, तारीखवार.
आत गेलेल्यांनी मागे काहीच ठेवलं नाही.

वाघ सर वारले त्याला सहा वर्षं झाली.
विचारायचं राहिलं,
सर, कॅबिन उतरून घरी गेल्यावर
तुम्हाला जमायचं का?

रात्री यार्डातून मालगाडी जाते.
मी कूस बदलते,
सकाळी ऑफिसात तोंडून गेलेलं एक वाक्य
परत म्हणून बघते, जरा वेगळं,
आणि त्याच्या मागे
खडीवरून, अनवाणी,
बरीच लांब जाते.