पुरवठ्याचे ठिकाण

मार्चमधली दुपार. पणजीच्या मळ्यात इतकी सामसूम
की समोरच्या तावेर्नातला मिंगेल
आपल्याच बाटल्या पुन्हा मोजत बसलाय.
मी बिलं लावतेय.
टाइलच्या दुकानात धूळसुद्धा निळी असते,
घरी गेल्यावर नाक शिंकरलं की कळतं.

एर्मेलिंदा आली तेव्हा तिची टाइल भाजून तयार होती:
पांढऱ्यावर निळा आकडा, एकसष्ट,
कडेनं पिवळी वेल.
नाव नाही. तिनंच फोनवर बजावलं होतं,
नांव घालूं नाका,
नांव आतां दुसऱ्याचें.

असोळण्याचं घर, विकून चार वर्षं झाली.
खळं होतं तिथं तरणतलाव आहे, म्हणाली,
आणि पाण्याला रंग मारल्यासारखा रंग.
स्विंडनमध्ये आमचं घर नऊ नंबरचं.
ही दाराला लावली तर पोस्टमन गोंधळेल,
स्वयंपाकघरात लावीन, चहाच्या डब्यांवर.

दोन हजार चारशे, वर कर अठरा टक्के.
तिनं पर्समधून पासपोर्ट काढला, जुन्या वाइनच्या रंगाचा,
आणि काउंटरवर ठेवला, ओशाळत,
जसं एखादं माणूस दातांची कवळी काढून ठेवतं.
बाय, हो टॅक्स परत मेळटा मगो?
लिस्बनांत मेळटा.

मग सगळं सांगितलं तिनं:
दुकानदार फॉर्म भरून देतो,
विमानतळावर वस्तू दाखवायची, वापरलेली नाही अशी,
साहेब बघतो ती खरंच देश सोडून चाललीय का,
आणि शिक्का मारतो.
जे इथं राहणार नाही
त्याचा भार इथं कशाला.

मी म्हटलं, कलम आपल्याकडेही आहे,
खिडकी नाही अजून.

ती हसली तेव्हा फळीवरच्या बश्या किणकिणल्या.
कलम आसा, जनेल ना!
आमचेंय तशेंच गो. घराचे कागद आसात,
घर ना.

संगणक विचारत होता: ग्राहकाचे राज्य.
यादी उघडली की वरून जम्मूपासून सुरू होते,
तळाला शहाण्णव नंबरवर परदेश.
माझा बाण तिथंच थरथरत राहिला.
पासपोर्ट तसं सांगत होता,
बोलणं तसं सांगत नव्हतं.
आतून रायकरबाब ओरडले, भट्टीपाशी असतात ते,
पण कान दुकानात:
हातांत दिलंस मगो? मग तीस घाल!

नियम असाच आहे.
वस्तू गिऱ्हाइकानं समोर उभं राहून हातात घेतली
की ती पुढं कुठंही जाऊ दे,
समुद्रापार, बर्फात, डब्यांच्या वर,
पुरवठ्याचं ठिकाण हेच.

तिनं चष्मा कपाळावर चढवून बिल वाचलं,
आकड्यांवरून नजर सरकवत,
आणि शेवटची एक ओळ मोठ्यानं:
तीस, गोंय.
घडी घातली. पासपोर्टात ठेवली,
शिक्क्यांच्या पानात.
अठरा रुपये सुटे नव्हते माझ्याकडे,
तिनं हातानंच राहू दे केलं.

विवरण भरलं महिन्याच्या अकरा तारखेला.
चारशे बत्तीस रुपये मधोमध कापले जातात,
दोनशे सोळा दिल्लीला, दोनशे सोळा इथं.
इथले दोनशे सोळा
असोळण्याच्या वळणावर जातील का,
जिथं, ती सांगत होती, खांब आहे पण दिवा नाही,
आणि एकसष्ट नंबरचं फाटक
रात्री नुसतं चाचपावं लागायचं?

असं काही होत नसतं.
मी हिशेब लिहिते, मला पैशाच्या वाटा ठाऊक आहेत.
तरी शेऱ्याच्या रिकाम्या रकान्यात
पेन्सिलनं, पुसता येईल असं,
मी लिहिलं: दिवा.