माया

राजारामपुरी, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
अठ्ठावीस पायऱ्या चढून मी खुर्चीत बसले
तरी माझा श्वास अजून जिन्यातच होता.

डॉक्टर माणगाव्यांनी कागदावर पोट काढलं.
माझ्या पोटाचं एवढं लहान चित्र
आजवर कोणी काढलं नव्हतं.
'एक स्लीव्ह,' म्हणाले, 'एक बायपास.
घाई नाही, विचार करून सांगा.'

स्लीव्ह म्हणजे बाही. एवढं इंग्रजी मला येतं.
सव्वीस वर्षं मंगळवार पेठेत ब्लाउज शिवते,
फुग्याची, कोपरापर्यंतची, कटोरीला शोभेल अशी,
पण पोटाला बाही?
'उभं कापायचं, केळ्याएवढं ठेवायचं,
बाकीचं काढून टाकायचं.'
मी विचारलं, काढलेलं कुठं जातं?
ते हसले. मला हसू आलं नाही.
आमच्यात उरलेलं कापड गिऱ्हाइकाला परत करतात,
वीतभर असलं तरी.
नाहीतर पेठभर नाव होतं.

बायपास नवऱ्यानं समजावला.
एकतीस वर्षं केएमटी चालवली त्यानं.
'तावडे हॉटेलपासनं हायवेनं सरळ गेलीस
तर गाव लागतच न्हाई.
गाव असतंय तिथंच, पण गाडी आत येत न्हाई.'
म्हणजे घास बाहेरून जाणार
आणि जुनं पोट आत तसंच,
स्टँड असून गाडी न थांबणारं,
लांबून हॉर्न ऐकत बसणार.
जेवता जेवता मला त्याची दया आली.
दुसरी भाकरी त्या दयेतच गेली.

मग मापाची वही काढली.
सरनाईक वहिनी. बाही, चार वर्षांपूर्वी.
चव्वेचाळीस, बेचाळीस, अडतीस, छत्तीस.
दर खेपेला ब्लाउज मीच आत घेतले.
परवा पडदा ओढून म्हणाल्या,
'जरा उसवून दे, काखेत करकचतंय.'
मी दोरा ओढला. विचारलं काही नाही.

शमशाद बागवान. बायपास.
साखर गेली आणि गोळ्यांचा डबा आला,
लोहाची, कॅल्शियमची, जन्मभराची.
ईदला दोन चमचे शीरखुर्मा खाल्ला
तर घामाघूम होऊन फरशीवर पडून राहिली.
'तरी बी सांगतो तुला,' म्हणाली,
'चपलेचा पट्टा मी आता वाकून लावतो.
कुणाला हाक मारत न्हाई.'

माझी साखर दोनशे ऐंशी.
रात्री छातीत जळतं, तीन उश्या लागतात.
डॉक्टर म्हणतात, बाहीनं जळजळ वाढू शकते.
बायपास केला तर
गुडघ्याची ती गोळी कायमची बंद.
आणि गुडघे तर पायमशीनचे.
सव्वीस वर्षं पायडल मारलंय त्यांनी,
त्या गोळीवरच तर दुकान उघडतं.

रात्री शटर अर्धं ओढून
पहिल्यांदा स्वतःचं माप घेतलं.
टेप साठ इंचांची.
माझ्याभोवती फिरून आली
आणि दोन टोकं भेटलीच नाहीत.
मधल्या जागेत माझी दोन बोटं बसली.
बरोबर दोन.
शिवणीशेजारी आम्ही एवढीच जागा सोडतो,
तिला माया म्हणतो.
अंगानं बाई वाढली, वाळली, बाळंत झाली,
तर कपडा टाकायला लागू नये म्हणून.
शिकवणारी गुलाबमावशी म्हणायची,
'शिवण चुकली तर उसवशील.
कात्री चुकली तर काय करशील?'

डॉक्टरांना हे सांगता येणार नाही.
त्यांना साखर सांगीन, उश्या सांगीन.
जुनं पोट परत जोडत बसत नाही कोणी सहसा,
तेही त्यांनी सांगितलंय.
नसू दे. आत आहे, एवढं पुरे.

वहीत नवं पान काढलं,
वर माझंच नाव घातलं, विजयमाला,
कंबर बासष्ट लिहिलं,
तारखेची जागा कोरी.

सकाळी उद्यमनगरात शेडबाळ्याला फोन लावला:
जुन्या मशीनला मोटर बसवायचीय.
किती घेशील?
आणि पायडलचं लोखंड
भंगारात घालू नकोस, परत आणून दे.