कवडूजींचा डफडेवाला

मिठाईच्या खोक्यात आणला त्यांनी,
खाली गादीतला पिवळा कापूस,
वर रुमाल, रुमालावर रबर.
"चौदा तुकडे हायेत," कवडूजी म्हणाले,
"आन् पुडीत चुरा हाये. फेकजो नको, माय,
त्यातबी थोच हाये."

मी दात करते.
तळेगावच्या नाक्यावर, दवाखान्यामागच्या टिनाच्या खोलीत.
दोन डॉक्टरांचे साचे येतात,
तोंड कोणाचं ते कळत नाही,
कळतं एवढंच, की हा उजवीकडून चावतो
आणि ही झोपेत दात खाते.
मातीच्या माणसाचं काम कधी केलं नव्हतं.
पण कवडूजींची वरची कवळी माझ्या हातची,
त्याच हक्कानं ते स्टुलावर बसले
आणि उठेनात.

तीस वर्षं एस्टीत कंडक्टर.
आर्वी-मोर्शी, आर्वी-कारंजा, रात्रीची मुक्कामी गाडी.
जिथं जत्रा लागली तिथून एक माणूस उचलून आणला:
वैदू, कुल्फीवाला, चष्म्याचा मास्तर,
पाय दुमडून विडी ओढणारी एक म्हातारी.
कपाटात सत्तेचाळीस.
"अठ्ठेचाळीस," ते खोक्याकडे पाहून म्हणाले.

मांजरीनं पाडला, म्हणाले.
दुसऱ्या खेपेला म्हणाले, नातवानं.
तिसऱ्या खेपेला काही न विचारता सांगितलं:
पुसता पुसता सुटला. हात थरथरून रायला आजकाल.

टोपी जुळली, कान जुळला,
धोतराच्या निऱ्या रात्री दीडला जुळल्या.
डफडं आणि दोन्ही हात मात्र चुऱ्यातच गेलेले.
"मोठी काडी कोणत्या हातात होती?"
"उजव्या. आनखी कोनत्या?"
मी खात्रीसाठी घरी फोन लावायला सांगितला.
पलीकडून बाईंचा आवाज, मागे कुकरची शिटी:
"डाव्या. डावखोरा होता थो.
म्हनून त घेतला होता तुमी."
कवडूजी बराच वेळ फोन कानालाच धरून बसले.
पुढे पावतीवर सही करताना
पेन त्यांनी कोणत्या हातात घेतला, ते मी पाहिलं.

तोंड उघडं होतं त्याचं, हाळी दिल्यासारखं.
गुलाबी मेणात ओठ ओढले
आणि सवयीनं आत चार दात कोरून बसले.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला:
"याले दात नव्हते. तिथं अंधार होता."
चारही खरवडले.
दात करायला मला शिकवलंय,
अंधार करायला कोणी शिकवलं नव्हतं.
तीनदा चुकला.

पाठ बंद करायच्या आधी
बॅटरी धरून आत पाहिलं.
पोकळीत, मानेच्या खाली,
ओल्या मातीत दाबलेला एक अंगठा.
रेषा न् रेषा शाबूत.
माझी करंगळी त्यात बसेना.
लेकरू असेल कुंभाराचं;
बाप म्हणाला असेल, तू आतून दाब,
तिथं कोणाला दिसत नाही.

डिंक, पावडर, थेंब थेंब पाणी.
पाठ मिटली.
कवडूजींना सांगायचं होतं,
पण ते आले तेव्हा लाईट गेली होती,
बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता,
आणि ते रंगावरून भांडत होते:
धोतर इतकं पांढरं नव्हतं म्हणे,
जत्रेच्या धुळीचं होतं.
मी चहाचं उरलेलं पाणी बोळ्यानं फिरवलं.
"हां," म्हणाले.

पैसे एका कवळीच्या दुरुस्तीइतकेच घेतले.
त्यांनी तो डाव्या तळव्यावर उभा केला.
तळवा थरथरला, तसा तोही.
क्षणभर वाटलं, आता काडी डफड्याला लागते.
लागली नाही.
मध्ये सूतभर अंतर मी ठेवलं होतं,
तेवढं पुरलं.