चौकशी खिडकी

फॉर्मवर रकाना होता : मूल किती शब्द बोलते?
दीड वर्षाच्या रेवणसाठी मी शून्य लिहिलं,
आणि त्याच शून्यावरून पेन गोल गोल फिरवत बसले.

दिवसभर माझा आवाज एसटी स्टँडवर असतो.
अक्कलकोट, फलाट चार.
तुळजापूर, फलाट सात.
घरी येईस्तोवर उरतं ते पुटपुटणं :
खाल्लंस का. झोप आता.

दिवसा तो नरसव्वाकडं, स्टँडामागच्या बोळात.
तिच्या मांडीवर विड्यांचं सूप,
तंबाखूपासून हातभर लांब माझं पोर,
आणि भिंतीपल्याड माग : खटॅक्-खट, खटॅक्-खट.
दोन खटक्यांच्या फटीतून शब्द पलीकडं न्यायचा
म्हणून ती तो ओढते, ताणते, शेवटाला उंच सोडते :
दाऽऽ बिड्डा, दाऽऽ.
पालूऽऽ?
माझ्या मराठीचंही तसंच.
'दूऽऽध' म्हणते तेव्हा तो ऊ एवढा ऐसपैस
की पोरानं त्यात पाय पसरून बसावं.

मला राग यायचा.
म्हटलं, नरसव्वा, जरा नीट बोला त्याच्याशी,
कुठली भाषा धड येणार त्याला?
पान कातरता कातरता म्हणाली,
"बोलतंय की ओ ते. तुमालाच आयकू येत नाय."

मग एका बुधवारी लाइट गेली. माग थांबले.
बोळ एकदम रिकामा झाल्यासारखा.
मी दारात चप्पल काढत होते,
आत रेवण विड्यांची बंडलं
एकामागे एक लावून काहीतरी सांगत होता.
सपाट. नाकातून. जरा दमलेलं.
मध्ये एक थांबा,
मग शेवटचा आकडा खाली टाकून दिलेला.

शब्द एकही नव्हता.
पण स्टँडवरच्या कुठल्याही हमालानं
तो आवाज कुणाचा, ते सांगितलं असतं.

नरसव्वानं बोट वर केलं, पत्र्याकडं,
जिथून दर अर्ध्या तासाला भोंगा ऐकू येतो.
"तुमचा आवाज आला की दावते त्याला.
अम्माऽऽ, म्हणून."

चप्पल एक पायात, एक हातात.

दुसऱ्या दिवशी माइकसमोर
तुळजापूऽऽर जरा जास्तच लांबलं.
साहेब खिडकीतून डोकावले.
फलाट सातवरची माणसं
पिशव्या उचलून उभी राहिली.