माडीवरची खोली

तांबं संपलं, खाणी बुजल्या,
उरलं ते हे सरकारी विद्यापीठ –
आधी नुसती खाणकामगारांच्या पोरांची शाळा होती,
हिल्या म्यॅटिला सांगते, सॉना तापवता तापवता.

तिच्या माडीवर तीन खोल्या.
वसतिगृहात जागा न मिळालेले
सप्टेंबरात तिच्या दारी येतात, बोचकी घेऊन.
अटी दोनच : बर्फ उपसायचा,
आणि मासे तळताना खिडकी उघडायची.

यंदा घानाचा क्वाबेना आहे.
खनिजशास्त्र शिकतो.
जानेवारीत एका पहाटे त्यानं
अख्खी गल्लीच मोकळी केली, कुणी न सांगता,
थेट जुन्या खाणीच्या तोंडावरल्या जाळीपर्यंत.

तिचा बाप त्याच वाटेनं जायचा कामाला.

ती काही बोलली नाही.
भाड्याच्या हिशेबात मात्र वीस डॉलर चुकली,
एवढी पक्की बाई.