नडगीवरचा चिखल

पीटरहेडच्या मैदानामागे,
जिथे समुद्राचा वारा भिंतीचा रंग चाटून नेतो,
तिथल्या खोलीत दोन धुलाईची मशिनं आणि मी.
इतकी वर्षं झाली, खेळाडू मी
तोंडावरून नाही, चिखलावरून ओळखते.

गोलकीपरचा चिखल कमरेला, एकाच अंगाला.
बचाववाल्यांच्या चिखलात थोडं दुसऱ्याचं रक्त.
मर्डो रेनीचा मात्र दोन्ही मोज्यांवर, नडगीभर, लांब पट्ट्यांनी:
गोल झाला की तो गुडघ्यांवर घसरत जायचा
कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत.
त्या कोपऱ्यात त्याची आई बसायची,
मासळीच्या शेडमधून तशीच आलेली,
रबरी बुटांनिशी.

एकोणीस वर्षांचा होता. त्या हंगामात बावीस गोल.
बावीस वेळा मी ते पट्टे ब्रशने घासले
आणि बावीस वेळा कुरकुरले,
लेकराने पीठ सांडल्यावर
आई करते तसली खोटी कुरकुर.

मग लांब कोटातला एक माणूस आला
आणि त्याला डंडीला घेऊन गेला.
पेपरात फोटो: दोन्ही हातांत ताणलेला मफलर,
दात मोजता येतील एवढं हसू.
कपच्या सामन्यात ग्लासगोच्या बड्या संघाला
त्याने शेवटच्या मिनिटाला हेडरने गारद केलं.
खरं म्हणजे चेंडू त्याच्या कानाला लागून आत गेला,
हे त्यानेच मला फोनवर सांगितलं, हळू आवाजात,
चोरी कबूल करावी तसं.
आठवडाभर तो अख्ख्या शहराचा जावई होता.
आठवडाभरच.

पुढे गुडघा. डावा.
त्याबद्दल तो कधी बोलला नाही, म्हणून मीही नाही.

पुढे उसनवारी.
शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी
तसे क्लब त्याला आणायचे
आणि वाटी परत करायचे रिकामी.
मदरवेल. हार्टलपूल.
आइसलंडमधलं एक गाव, ज्याचं नाव
त्याला शेवटपर्यंत धड म्हणता आलं नाही;
चार गोल मारले तिथे,
बघायला माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, म्हणाला.
स्ट्रानरार. एल्गिन.
दर ठिकाणी नवा शर्ट, पाठीवरचा आकडा चढता:
नऊ, चौदा, एकोणीस,
आणि एकतिसाव्या वर्षी एकतीस.

पस्तिशीत परत आला.
दारात उभा राहून म्हणाला, "मॉरा, मशिनं तीच का गं?"
मी म्हटलं, "एक नवी. जुनी आवाज फार करते,
पण पिळते अजून बरी."
तो हसला.
मी खरंच मशिनीबद्दल बोलत होते.

त्या वर्षी त्याचे कपडे माझ्याकडे
घडीसकट यायचे.
मीच घातलेली शुक्रवारची घडी
शनिवारी रात्री जशीच्या तशी.
याहून चिवट डाग मी पाहिला नाही.
तरी धुवायचे. सगळ्यांच्या चिखलात मिसळून,
म्हणजे पाण्याला तरी कळू नये.

शेवटचा सामना मॉन्ट्रोजशी, शून्य-दोन.
सत्त्याऐंशीव्या मिनिटाला त्याला उतरवलं.
चेंडू एकदाही त्याच्याकडे फिरकला नाही.
टाळ्या झाल्या,
हातमोज्यांतल्या, आवाज नसलेल्या.

रात्री टोपली उपसताना हाताला लागले त्याचे मोजे:
दोन्ही नडग्यांवर चिखल, गवताच्या काड्यांसकट, ओला.

मैदान राखणारा गॉर्डी म्हणाला,
दिवे मालवायला गेलो तेव्हा
कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी कुणीतरी होतं.
त्याची आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.
मी पुढे काही विचारलं नाही.

बाकीचं सगळं मशिनीत टाकलं.
मोजे हाताने धुतले,
कोमट पाण्यात, साबण बेताचा.
घाई नव्हती.