टिलव्याचा फोटो, तिसरी प्रत

पौषातली पहाट. हतनूरचा फुगवटा ओसरून
उघडा पडलेला गाळ, दह्यासारखा थरथरता.
मी पोटावर. कोपरं रुतलेली.
लेन्सखाली जुन्या पँटीचा एक पाय,
दोन्ही टोकांना शिवलेला, आत सावद्याच्या जिनातली सरकी.
एवढी स्थिर उशी मला घरीसुद्धा नाही.

टिलवा चिमणीएवढा,
पायांना मात्र शिलाई मशीनची घाई:
टोचत येतो, टोचत येतो, वळतो,
आणि ज्याच्यावर फोकस धरला
तो हा की मागचा, याचाही भरवसा राहत नाही.
उभ्याने काढला तर नुसता चिखलावरचा ठिपका.
त्याच्या डोळ्याच्या उंचीला यावं लागतं,
म्हणजे जमिनीपासून चार बोटं.
एकोणतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो,
हनुवटी थोडी खाली.
आज माझी चिखलात.

चारशे बारा फोटो.
तीनशे नव्वदांत शेपटी, पाणी,
किंवा तो नुकताच होता ती जागा.

रात्री स्टुडिओचं शटर अर्धं ओढून बसलो.
बाहेर बऱ्हाणपूरच्या रस्त्याला केळीचे ट्रक; काच वाजते.
एक निवडला. गाळ निळा पडला होता,
त्याला ऊब दिली, पहाटेला होती तेवढीच.
सावल्यांतला रवा चाळून काढला,
पिसांवरचा नाही; तिथे हात आखडता,
नाहीतर पक्षी मेणाचा होतो.
डोळ्यात उजेडाचा कण होताच, त्याला फक्त जागं केलं.
मग डाग.
काडी पुसली.
फेसाचा बुडबुडा पुसला.
चोचीच्या टोकाशी लालसर तंतू,
सेन्सरवरची धूळ, नाहीतर जाळ्याचा नायलॉन,
पुसला,
अल्बममधल्या नवरीच्या गालावरचा मुरूम पुसावा तसा,
हात न थांबवता.

दुसऱ्या दिवशी प्रत सुपडू कोळ्याला दाखवली.
त्याच्याच डोंग्यातून मी पलीकडे जातो.
ओले हात बंडीला पुसून त्याने फोटो कडेने धरला.
बराच वेळ.
"फोटू त नामी आला भो.
पन चोच उघडी कायले?
काही धरलेलं त दिसत नही."

मी घरी येऊन दुसरी प्रत काढली, जरा गडद.
चोच उघडीच.

मग मूळ फाइल. मोठी, अजून मोठी,
सगळ्या चौकटी चौकटी होईपर्यंत.
त्यांत लाल वेलांटीसारखी वळलेली
गाळातली अळी, अर्धी आत गेलेली.

सैबेरिया ते चांगदेव.
आणि मी म्हणालो धूळ.

सगळं पहिल्यापासून केलं. ऊब, रवा, डोळा.
अळी राहिली. बुडबुडाही राहू दिला.
काडी मात्र पुन्हा पुसली, ती खरंच मधे येत होती.

काल वाघोद्याची एक मुलगी आली,
बायोडेटाचा फोटो काढायला.
म्हणाली, ओठाखालचा तीळ काढून टाका.
माउसवर हात ठेवून मी विचारलं, नक्की?
ती घड्याळाकडे बघत म्हणाली,
काका, लवकर करा ना, माझी बस जाईल.